हात लावू नका, मरेल!

आमच्या वाड्यावर एक मर्सिडीज आहे. वाचकांनी लगेच भुवया उंचावू नयेत, ती माझी नव्हे. मी सरकारी कचेरीतला यू.डी.सी., माझ्याकडे स्कूटर आहे आणि तिचे हप्ते फिटलेले आहेत, यातच मला समाधान. गाडी शेजारच्या बाबांची. बाब पंधरा वर्षे बहारीनला होते. १९८८ साली कायमचे परत आले तेव्हा ही गाडी बोटीने मुंबईला उतरवून घेतली आणि तिथून चालवत घरी आणली. १९८२चे मॉडेल, २३० ई, पांढरी, स्टिअरिंग डाव्या हाताला. मी तेव्हा तिसरीत होतो.

आम्हा पोरांना त्या गाडीचे आश्चर्य वाटायचे ते तिच्या नाकावरच्या चांदणीमुळे नव्हे, तर तिला क्लच नव्हता म्हणून. गिअर आपोआप पडतात म्हणजे काय, हे पाहायला आम्ही खिडकीला नाक लावून उभे राहायचो. बाबांचा डावा पाय नुसताच आरामात बसलेला असायचा, आणि हात दांड्यावर न जाताच आवाज बदलायचा. पुढे २००८ साली माझी वरात त्याच गाडीतून आली. सांगायचा मुद्दा, गाडी त्यांची असली तरी ती आमचीही आहे. वाड्यावर असेच असते.

आता बाब अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मुले परदेशी. गाडी महिन्यातून दोनदा बाहेर निघते, एकदा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला आणि एकदा इगर्जीला. गेल्या वर्षी तिने एक नवी खोड काढली. सकाळी चालू करून दांडा ‘डी’वर टाकला की गाडी जागेवरच राहायची. एक, दोन, तीन म्हणायचे, मग एकदम मागून कुणी लाथ मारल्यासारखा धक्का बसून निघायची. बाबांनी मला बोलावले. मला गाड्यांतले कळते म्हणून नव्हे. माझ्याकडे इंटरनेट आहे आणि मला इंग्रजीतले लांबलचक कागद वाचायची सवय आहे, म्हणून.

मी डिपस्टिक काढून पाहिली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल मुळात लाल असते. इंजिन ऑइलशी गफलत होऊ नये म्हणून त्याला मुद्दाम तसा रंग देतात. डिपस्टिकवरचे तेल कोऱ्या चहासारखे होते. मी विचारले, हे शेवटचे कधी बदलले? बाबांनी आठवायचा प्रयत्न केला. बहारीनला असताना एकदा बदलले असावे, म्हणाले. म्हणजे माझ्या तिसरीच्या आधी!

इथून पुढे जे झाले त्याबद्दल मला हा लेख लिहायचा आहे.

आम्ही दोन ठिकाणी विचारले. पहिले आमचे जुने मेस्त्री. म्हापशात त्यांचे गॅरेज आहे, वडिलांपासूनचे. गोव्यात मुक्तीपूर्वी जर्मन आणि अमेरिकन गाड्या बऱ्याच आल्या होत्या, आणि १९६१नंतरही कितीतरी वर्षे त्या टॅक्सी म्हणून धावत राहिल्या. त्यामुळे मर्सिडीज म्हटले की आमच्या जुन्या मेस्त्र्यांना बुजायला होत नाही. मात्र त्या गाड्या बहुतेक साध्या हाताच्या गिअरच्या. ऑटोमॅटिकशी त्यांचा घरोबा कधी जमला नाही. मेस्त्रींनी डिपस्टिक हुंगली, पुसली, परत घातली आणि म्हणाले, "हात लावू नाका बाब. नवें तेल घातल्यार गिअर मरतलो."

दुसरे ठिकाण पणजीच्या वाटेवरचे, काचेचे, एसीचे. नाव लिहीत नाही. तिथे एका तरुणाने कॉम्प्युटरवर काहीतरी टिपले आणि सांगितले, मशीनने फ्लश करून देऊ. गिअरबॉक्सच्या कूलरच्या नळीला मशीन जोडायचे, एका बाजूने बारा लिटर नवे तेल जाते, दुसऱ्या बाजूने जुने येते, पाऊण तासात काम खलास. खालचे चेंबर उघडणार का, फिल्टर बदलणार का, असे मी विचारले. "त्याची गरज नाही," तो म्हणाला. जुने तेल कसे दिसते हे त्याने पाहिलेही नाही.

एक म्हणतो अजिबात हात लावू नका, दुसरा म्हणतो हात न लावता सगळे धुऊन देतो. मला वाटते दोघेही एकच गोष्ट सांगत होते. ती कशी, ते सांगतो.

आधी मेस्त्रींचे. नवे तेल घातले की जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मरतो, ही समजूत फक्त आमच्या म्हापशाची नाही, ती जगभर आहे. तिच्यामागे सांगितली जाणारी कारणे अशी. आतल्या क्लचच्या चकत्यांवरचे अस्तर झिजून तेलात मिसळलेले असते, आणि त्या कणांच्या आधारानेच चकत्या एकमेकींना कशाबशा धरून असतात. स्वच्छ तेल आले की त्या घसरतात. शिवाय नव्या तेलातली डिटर्जंटे वर्षानुवर्षे चिकटलेला थर सोडवतात आणि तो जाऊन बारीक छिद्रांत व झडपांत अडकतो. ही कारणे अगदीच खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. झडपांचा भाग, ज्याला व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात, तो खरोखर इतका नाजूक असतो की डिपस्टिक पुसायला धाग्याधाग्याचे फडके वापरू नका असे सांगतात. एक धागासुद्धा आत जाऊन गडबड करू शकतो.

पण विचार करा, तेल बदलायला लोक गाडी कधी नेतात? गिअर नीट पडत असताना कोण नेतो? गाडी घसरू लागली, धक्के देऊ लागली, जळका वास येऊ लागला की मग "जरा तेल बदलून बघूया" म्हणतात. तोवर चकत्या संपलेल्या असतात. तेल बदलले जाते, आठ दिवसांनी गाडी उभी राहते, आणि दोष नव्या तेलावर. माझ्या चुलतभावाच्या गाडीचे नेमके हेच झाले होते. ती आधीच तिसऱ्या गिअरात घसरत होती, कुठल्याशा गॅरेजात मशीनने फ्लश केली आणि दहाव्या दिवशी पर्वरीच्या चढावर ती जी थांबली ती टोचन करूनच आणावी लागली. आमच्या अख्ख्या वाड्याने तेव्हापासून ठरवून टाकले की नवे तेल हे विष आहे.

मी एकवीस वर्षे कचेरीत काढली आहेत, त्यामुळे हा प्रकार माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. कपाटात एखादी जुनी फाइल असते. तिच्यात घोळ आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. पण जो ती उघडेल, टिपण लिहील, सही करील, त्याच्या नावावर तो घोळ चढतो. आधीच्या वीस वर्षांत ज्यांनी काहीच केले नाही ते सगळे निर्दोष! म्हणून फाइल कपाटातच राहते. आमचे मेस्त्री वाईट नाहीत, अज्ञानी तर मुळीच नाहीत. गाडी मरण्याची त्यांना भीती नव्हती, ती आपल्या हातावर मरेल याची भीती होती. "हात लावू नका" हा सल्ला तेलाविषयी नसतोच, तो सहीविषयी असतो.

आणि मशीनवाल्याचे? त्याचीही गोष्ट तीच. चार नळ्या जोडल्या, बटण दाबले, बिल दिले. चेंबर उघडले नाही म्हणजे तळाशी काय साचले आहे ते कुणी पाहिले नाही. पाहिलेच नाही तर जबाबदारी कसली? गाडी चालली तर मशीनचे श्रेय, बंद पडली तर "गाडी जुनीच होती साहेब". ठरावीक दिवसांनी तेल बदलत आलेल्या गाडीला मशीन लावायला माझी हरकत नाही. पण चाळीस वर्षांच्या, तीसपस्तीस वर्षे न उघडलेल्या गिअरबॉक्सला, आतला गाळ न काढता आणि फिल्टर न बदलता, एकदम बारा लिटर ताजे तेल पाजणे हे मला पटत नाही. महिनाभर उपाशी माणसाला एकदम चतुर्थीचे जेवण वाढण्यातला प्रकार.

माझे मत असे की जुने तेल काढावे, जरूर काढावे, पण ते खाली ठेवलेल्या ताटात डोळ्यांसमोर, आपल्या वजनाने गळू द्यावे. कुणीतरी ते बोटावर घेऊन पाहावे. आणि काम सुरू करण्याआधी गाडीच्या मालकाला स्पष्ट सांगावे की तेल हे औषध नव्हे. तेल काळे झाले असेल, जळका वास असेल, गाडी चालू गिअरात घसरत असेल, तर कुठलेही तेल चकत्यांना नवे अस्तर लावून देणार नाही, गिअरबॉक्स उघडावाच लागेल. हे एक वाक्य आधी सांगितले असते तर माझ्या चुलतभावाची निम्मी शिवीगाळ वाचली असती.

बाबांची गाडी चालत्या गिअरात घसरत नव्हती. तेलाला जळका वास नव्हता. उशीर फक्त सकाळी, पहिल्यांदा दांडा टाकताना. म्हणून मी हट्ट धरला.

या कामाचा मी बराच अभ्यास केला (कचेरीच्या वेळेत नव्हे, हे लिहून ठेवतो). त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत खालचा बोल्ट काढला की सगळे तेल येत नाही. जवळजवळ निम्मे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला तेलाने भरलेला गोल डबा. त्यात समोरासमोर दोन पंखे असतात, एक इंजिन फिरवते, त्याने ढकललेले तेल दुसऱ्याला फिरवते, आणि परतणाऱ्या तेलाला वळण द्यायला मध्ये तिसरे छोटे चक्र. म्हणजे धातूला धातू न टेकता तेलच गाडी ढकलत असते. क्लच नसण्याचा आमच्या बालपणीचा चमत्कार तो हाच. तर या डब्यातले तेल बाहेर येत नाही, म्हणून लोक काही दिवसांच्या अंतराने दोनतीनदा तेल बदलतात. दर वेळी निम्मे गेले असे धरले तर पहिल्या खेपेला निम्मे जुने उरते, दुसऱ्या खेपेला पाव, तिसऱ्याला अष्टमांश. या हळू पद्धतीचा फायदा असा की गिअरबॉक्सला नव्या तेलाची सवय होत जाते.

पण त्या काळच्या मर्सिडीजवाल्यांनी कन्व्हर्टरलाही एक छोटा बोल्ट ठेवला होता. इंजिन पान्याने हाताने हळूहळू फिरवत राहायचे, खालच्या खिडकीत तो बोल्ट दिसला की थांबायचे, आणि काढायचा. डबाही रिकामा. मशीनची गरजच नाही! पुढच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत असा बोल्ट नाही. उलट १९९६च्या सुमारास याच कंपनीचा पाच गिअरचा नवा ऑटोमॅटिक आला तेव्हा त्याचे तेल आयुष्यभर बदलायला नको असे सांगितले गेले, आणि काही वर्षांनी तो शब्द मागे घेऊन बदलण्याचा हिशेब द्यावा लागला. कुणाच्या आयुष्यभर, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

मेस्त्रींकडे परत गेलो. छापलेले कागद पुढे ठेवले. त्यांनी कागदांकडे पाहिलेही नाही. "हें इंजिनाचें तेल न्हय," एवढेच म्हणाले. मग त्यांनी खरा प्रश्न काढला, मूळचे तेल आता मिळते कुठे? प्रश्न बरोबर होता. या गाडीला त्या काळचे डेक्स्रॉन-२ लागायचे. डेक्स्रॉन हे अमेरिकेच्या जनरल मोटर्सचे नाव, १९६७पासूनचे, आणि जर्मन गाड्याही तेच मानत आल्या. पुढे डेक्स्रॉन-३ आले, ते जुन्यालाही चालायचे. आता कंपनीने त्याचे परवाने देणे थांबवले असले तरी त्या धर्तीचे तेल अनेक जण बनवतात आणि ते मिळते. नव्यातले नवे, पातळ तेल मी मुद्दाम टाळले. चाळीस वर्षांच्या रबरी सिलांना पातळ तेल म्हणजे पळून जायला वाट.

या वाचनात एक विलक्षण माहिती हाती लागली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलाचा अंश घालत असत. क्लच धक्का न देता अलगद बसावा, यासाठी त्याच्यासारखे दुसरे काही नव्हते. देवमासा वाचवण्यासाठी तिथे कायद्याने बंदी आली आणि तेलवाल्यांना पर्याय शोधावा लागला. समुद्राकाठी जन्म काढलेल्या आम्हाला देवमासा कधी दिसला नाही, आणि तिकडे लोक त्याला गिअरबॉक्समध्ये घालून हिंडत होते! बाबांची गाडी १९८२ची, तिच्यात देवमासा नाही. बाबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी छातीवर क्रूस केला.

शेवटी मेस्त्री तयार झाले. का झाले ते ठाऊक नाही. बाबांनी त्यांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितले, मी विचारले नाही.

एका रविवारी सकाळी काम झाले. गाडी आधी पाचसात किलोमीटर फिरवून तेल कोमट केले. चेंबरचा बोल्ट काढला, तेल आले. कन्व्हर्टरचा बोल्ट शोधायला अर्धा तास गेला. मी वरून पान्याने इंजिन फिरवतोय, मेस्त्री खालून "आनीक मातशें, आनीक मातशें" ओरडताहेत. सापडला! तेही तेल आले. मग चेंबर खाली घेतले. मेस्त्रींनी तळाचा गाळ बोटाने उचलला, उन्हात धरला, अंगठ्याने चोळला. राखाडी, मऊ, पिठासारखा. पितळेचा वा लोखंडाचा चुरा नाही. तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मला वाटते त्या क्षणी त्यांची भीती गेली, कारण त्यांनी आत पाहिले होते. फिल्टर नवा, पॅकिंग नवे, बोल्टांचे वायसर नवे.

भरताना आम्ही फार सावध होतो. आधी डिपस्टिकच्या नळीतून बारीक नरसाळ्याने चार लिटर घातले. मग इंजिन चालू केले, कारण कन्व्हर्टर भरू लागला की तळातले तेल झपकन कमी होते आणि पंप कोरडा पडता कामा नये. ब्रेक दाबून दांडा एकेका खुणेवर नेला, प्रत्येक ठिकाणी थोडा थांबवला. मग थोडे थोडे करत बाकीचे घातले. या गाडीच्या डिपस्टिकवर खालच्या आणि वरच्या खुणेत फक्त पाव-तीनशे मिलिलिटरचा फरक असतो, आणि माप गरम तेलावर, इंजिन चालू ठेवूनच घ्यायचे. थंड असताना बघून वरपर्यंत भरले तर गरम झाल्यावर तेल जास्त होते, फेसाळते, आणि फेसाळलेले तेल म्हणजे दाब नाही. कमी तेलाने होते तेच जास्त तेलाने होते.

उरला जुन्या तेलाचा डबा. पाच-साडेपाच लिटर. आमच्याकडे असले तेल गॅरेजच्या मागे मातीत ओततात, नाहीतर वाळवी लागू नये म्हणून खांबांना फासतात. जांभ्या दगडाच्या जमिनीत ओतलेले काय काय विहिरीपर्यंत पोचते, हे ज्यांच्या विहिरीवर एकदा तेलाचा तवंग आला आहे त्यांना विचारावे. वापरलेले तेल हा घातक कचरा आहे, २०१६चे नियम स्पष्ट आहेत, ते परवानाधारकाकडेच द्यायला हवे. माझ्या खात्याचा हा विषय नव्हे, तरी मी तो डबा घरी आणला. दोन महिने तो आमच्या बाल्कांवाखाली होता आणि पत्नीचा अबोला जेवढा टिकायचा तेवढा टिकला. मग मोठ्या गॅरेजांतून तेल गोळा करणारा एक परवानावाला मिळाला आणि तो घेऊन गेला. मशीनने बारा लिटर घातले असते तर घाणही बारा लिटरच निघाली असती, हा विचार त्या दोन महिन्यांत मला पुष्कळ वेळा सुचला.

आणि गाडी? पूर्ण बरी झाली असे म्हणणार नाही. सकाळी अजून थोडे थांबावे लागते, पण "तीन"ऐवजी "एक" म्हणून होईपर्यंत ती उचलते, आणि मागून लाथ बसत नाही. सिले म्हातारी झाली आहेत, ती तेलाने तरुण होणार नाहीत. हे मी बाबांना आधीच सांगितले होते. तेव्हा ते म्हणाले होते, "म्हजींय जाल्यांत."

त्या रविवारी सगळे आटोपल्यावर मी एक कारकुनी आगाऊपणा केला. एका पुठ्ठ्यावर तारीख, किलोमीटरचा आकडा, तेलाचे नाव, किती काढले, किती घातले, असे लिहिले आणि मेस्त्रींपुढे धरले. म्हटले, सही करा. ते हसले. तेलाचे हात पँटला पुसले, चष्मा शोधला, आणि इंजिनाच्या बॉनेटवर पुठ्ठा ठेवून, शाळेत काढतात तशी सावकाश, पूर्ण नावाची सही केली. तो पुठ्ठा आता गाडीच्या कप्प्यात आहे. पाचशे किलोमीटर झाले की चेंबर पुन्हा उघडून पाहायचे ठरले आहे. एकशे ऐंशी झाले.